फेडर साडेपाचवर

२६ एप्रिल २०१९, सकाळचे साडेआठ. पुण्यातल्या एका जुन्या एकपडदा थिएटरच्या फाटकावर पोरांची झुंबड उडाली होती. एकाच्या दंडाला पोस्टर कलरनं रंगवलेली थर्माकोलची ढाल. डोअरकीपरनं ती उलटीसुलटी करून पाहिली, "मांडीवर ठेव, मागच्यांना दिसत नाही" एवढं बजावलं आणि आत सोडलं. मी लोखंडी जिना चढून ऑपरेटरच्या केबिनमध्ये गेलो. 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' बघण्यापेक्षा तो बघणारे मला बघायचे होते. काका म्हणाले, "पब्लिक इथनं दिसत नाही, डोकी दिसतात. ऐकायचं."

काका इथं तीसेक वर्षं ऑपरेटर आहेत. रिळं जोडणं, दोन मशिनांची अदलाबदल, सगळं हातानं केलेलं. आता सिनेमा सर्व्हरमध्ये उतरवतात आणि तो चालायला एक चावी लागते. चावी म्हणजे बारकीशी फाइल. त्याच सर्व्हरवर, ठरलेल्या वेळेतच चालणारी. सिनेमा आधीच येऊन पडला होता, पण चावीची वेळ झालेली नव्हती. "पिक्चर माझ्या कपाटात, आणि कोण मरतं ते मलाच ठाऊक नाही," काका म्हणाले. गोष्ट फोडू नका, असं दिग्दर्शक रूसो बंधूंनी जगभरच्या प्रेक्षकांना जाहीर पत्र लिहून विनवलं होतं. काकांच्या बाबतीत ती काळजी चावीनंच घेतली होती.

सिनेमा १८१ मिनिटांचा. परदेशी सिनेमाला मध्यंतर नसतं, ते इथं घालावं लागतं. नाहीतर कँटीनवाल्याचे सामोसे तसेच राहतात. राष्ट्रगीत झालं, दिवे विझले, आणि सिनेमा काढणाऱ्या कंपनीची लाल पाटी येताच पहिली शिट्टी वाजली. पाटीला शिट्टी! पण मग आठवलं, २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून मोजला तर हा या मालिकेतला बाविसावा सिनेमा. खाली बसलेल्यांतले कित्येक तेव्हा बालवाडीत असणार.

मध्यंतरापर्यंत हसणं, अधूनमधून टाळ्या. खरं ते पुढं, शेवटच्या लढाईत. थॉर खाली पडलेला, त्याचा हातोडा आपोआप हवेत उठतो, खलनायक थानोसला हाणून मागं वळतो आणि कॅप्टन अमेरिकाच्या मुठीत येतो. केबिनची काच जाड आहे, तरी ती थरथरली. मी टेबलावर हात ठेवला होता. ओरडा तळव्याला जाणवला. याच मालिकेतल्या २०१५ च्या सिनेमात याच कॅप्टननं पार्टीत गंमत म्हणून तो हातोडा ओढून पाहिला होता. तो जरासा हलला आणि थॉरचा चेहरा पडला. चार वर्षं पोरांनी ते लक्षात ठेवलं होतं. पुढचा संवाद कोणाला ऐकू आला असेल तर देव जाणे. मग आकाशात सोनेरी वर्तुळं उघडून आधी नाहीसे झालेले एकेक करून परत आले, तेव्हा तर लोक खुर्च्यांवर उभे राहिले. अर्ध्या पडद्यावर डोक्यांच्या सावल्या.

काकांनी डोळे बारीक करून घड्याळ पाहिलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलनं दोन वेळा लिहिल्या.

त्यांचा उपयोग दुसऱ्या खेळाला कळला. ध्वनियंत्राला एक फेडर असतो. स्टुडिओत आवाज जमवतात ती पातळी सात. काका एरवी साडेपाचवर चालवतात, सातवर म्हातारी माणसं तक्रार करतात. दुपारी कॅलेंडरवरच्या वेळेच्या जरा आधी त्यांनी फेडर सव्वासहावर नेला. पुन्हा तोच कल्लोळ, पण या वेळी संवाद त्यातून वर आला. वर्षानुवर्षं काका असंच करत आले आहेत. पब्लिकचा कल्लोळही नवा नाही. १९७५ साली 'जय संतोषी माँ'ला लोक चपला बाहेर काढून आत जायचे आणि पडद्यावर पैसे उधळायचे, ते त्यांनी आपल्या उस्तादाकडून ऐकलंय. तेव्हा फक्त झाडूवाल्याची चंगळ व्हायची, असंही.

पुढं २०२० च्या टाळेबंदीत, थिएटरं कुलूपबंद असताना, प्रेक्षागृहातल्या याच आरडाओरड्याचे चोरून टिपलेले तुकडे मोबाइलवर फिरले. चित्र धूसर, हललेलं. लोक ते ऐकण्यासाठी बघत होते.

त्या दुपारी आयर्न मॅन मरतो तिथं मात्र केबिनमध्ये काहीच ऐकू येईना. मला वाटलं, आवाज गेला की काय. काकांनी फेडर केव्हाच साडेपाचवर आणला होता.

श्रेयनामावली सुरू झाली तरी कोणी उठेना. या मालिकेत पाट्यांनंतर एखादं दृश्य ठेवायची रीत आहे. या खेपेला तसं काही नव्हतं; अगदी शेवटी फक्त लोखंडावर घण पडल्याचा आवाज. पुढच्या खेळाची रांग बाहेर उन्हात, आणि झाडूवाल्या मावशी रिकाम्या रांगांतून पॉपकॉर्न गोळा करत "उठा रे, संपलं" म्हणताहेत.

मी खाली आलो तेव्हा दाराशी थ्रीडी चष्म्यांचा क्रेट भरत आला होता. एक पोरगा ओल्या फडक्यानं ते पुसत होता. चष्मे रोज बाहेरूनच खराब होतात, त्यानं सांगितलं; पॉपकॉर्नच्या तेलकट बोटांनी. आज आतून पुसायला लागताहेत. त्यानं एक उजेडात धरून दाखवला. आतल्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याशी, बोटाचा ओला ठसा होता.