उसाच्या बेटावरील वस्तुसंग्रहालय

हिंदी महासागरातील मॉरिशस हे बेट आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. कळमनुरीच्या श्रोत्यांना त्याविषयी काय सांगावे, असा प्रश्न विषय ठरविताना आम्हांसही पडला होता. परंतु त्या बेटावर मोका या गावी एक वस्तुसंग्रहालय आहे. त्याची हकीकत ऐकली म्हणजे हा विषय वाटतो तितका दूरचा राहत नाही.

हकीकत उसापासून सुरू होते. मॉरिशसमधील उसाचे मळे प्रथम आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर उभे होते. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. ती संपणार हे मळेवाल्यांना आधीच कळले होते, आणि त्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळविली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात आले. पुढे पाऊणशे वर्षांत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर गेली. मुंबईहून गेलेल्यांत मराठी माणसे होती, आणि त्यांतील बरीचशी कोकणातील होती.

करार पाच वर्षांचा असे. पुरुष मजुराला महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, कपडा. या कराराला म्हणजे ‘ॲग्रीमेंट’ला फिजीकडचे मजूर गिरमिट म्हणत. आपल्याकडे गिरमिट म्हणजे भोके पाडण्याचे सुताराचे हत्यार. शब्द योगायोगाने जुळला, पण चांगला जुळला. कामावर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई.

पोर्ट लुईला उतरलेल्या मजुरास धक्क्यावरच्या सोळा पायऱ्या चढून सरकारी छावणीत जावे लागे. ती छावणी १८४९ साली उभारली गेली. तिला पूर्वी कुली घाट म्हणत. १९८७ पासून तिचे नाव आप्रवासी घाट आहे आणि २००६ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले. जुन्या इमारतींचा थोडाच भाग आता शिल्लक आहे. पायऱ्या मात्र आहेत.

छावणीत त्या माणसाला क्रमांक मिळे. वहीत त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, गाव, जहाज आणि तो ज्या मळ्यावर पाठविला गेला त्याचे नाव लिहिले जाई. १८६७ च्या कायद्यानंतर करार संपलेल्या मजुराने आपले छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगणे सक्तीचे झाले; तो नसला की पोलीस पकडीत. तेव्हा ही लिहापुसी कोणा प्रेमळ माणसाने पुढच्या पिढ्यांसाठी केली होती, असा गैरसमज नको. माणूस मळ्यावरून पळाला तर सापडावा, एवढाच तिचा हेतू होता.

त्या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. गांधीजी १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून परतताना काही दिवस मॉरिशसला थांबले होते. त्यांच्या नावाची ही संस्था १९७० साली स्थापन झाली. तिची कोनशिला इंदिरा गांधींनी बसविली. तेथे भारतीय भाषा, संगीत व नृत्य शिकवितात, मराठीचाही विभाग आहे, आणि आवारातच भारतीय आप्रवासींचे लोकसंग्रहालय आहे. तेथे राजेरजवाड्यांच्या तलवारी नाहीत. शेतीची अवजारे आहेत, स्वयंपाकाची भांडी, स्त्रियांचे दागिने, कपडे, वाद्ये आहेत. आपला पाटा-वरवंटाही त्या बेटावर गेला आणि तेथील क्रिओल बोलीत ‘रोश कारी’, म्हणजे कालवणाचा दगड, झाला. कोकणातील जाखडी तेथील मराठी मंडळी अजून नाचतात. घरात मात्र बहुतेक क्रिओलच बोलतात. भाषा मावळली तरी पाटा, गणपती आणि जाखडी का टिकली, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

भांडी आणि वह्या एका आवारात असण्याचा उपयोग कसा होतो, तो पाहण्यासारखा आहे. एखादा शिक्षक किंवा गवंडी आपल्या आजा-पणजाचे जन्ममृत्यूचे दाखले घेऊन तेथे येतो. जुन्या दाखल्यांवर पुष्कळदा आप्रवासी क्रमांक असतो. नावावर विसंबता येत नाही. लिहिणाऱ्या कारकुनाला मराठी येत नसे, आणि एकच नाव चार प्रकारे लिहिलेले आढळते. शिवाय वहीत आडनाव नसे. त्यामुळे मूळ पुरुषाचे किंवा त्याच्या बापाचे नावच घराण्याचे आडनाव होऊन बसले. सखाराम, भिवाजी ही तेथे आडनावे आहेत. क्रमांक मात्र बदलत नाही. त्यावरून पान निघते, आणि कधीही न पाहिलेल्या एका गावाचे नाव त्या माणसाच्या हाती पडते. भारत सरकारच्या ओ.सी.आय. कार्डासाठीही हा उतारा कामी येतो. माणसाला पकडण्यासाठी लिहिलेली नोंद त्याच्या पणतूला घर दाखविते. आमच्या मते त्या संग्रहालयाचा खरा जीव या वह्यांत आहे. त्या नसत्या तर ती भांडी कोणाचीही असती.

आता आपल्याकडे वळू. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून, आपल्या जिल्ह्यातूनही, कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. तेथे माणसाचा क्रमांक होई, येथे दोन माणसांचे एक हत्यार होते. आजारपणामुळे खाडा पडला तर मजुरी बुडते आणि पुष्कळ ठिकाणी वर दंडही बसतो. मॉरिशसच्या दुहेरी कपातीची आठवण आम्हांस येथे झाली. फरकही सांगितला पाहिजे: आपला मजूर हंगाम संपल्यावर घरी येतो, तेथे गेलेल्यांपैकी बहुतेक परतले नाहीत.

या माणसांची नोंद मुकादमाच्या वहीत असते: नाव, उचल, फेड, शिल्लक. हिशेब मिटला की वही रद्दीत जाते. पाचटाच्या कोपीत संसार मांडताना बरोबर नेलेली भांडी, मुठीला चिंध्या गुंडाळलेला कोयता, बैलगाडीचा जू यांचेही तेच होते. तालुक्याच्या वाचनालयात एक कपाट आणि एक जबाबदार माणूस मिळाला तर सुरुवात होऊ शकेल. कोणाच्या माळ्यावर अशी जुनी वही असेल तर ती आम्हांस पाहावयास मिळावी, अशी विनंती आहे. पानावर नुसते नाव आणि उचलीचा आकडा असला तरी चालेल. त्या नावापुढे गाव कोणते लिहावे, हे सांगणारी म्हातारी माणसे अजून हयात आहेत.