फोटोशूटच्या आधीचा आठवडा: आईच्या मसाल्याने शिकवलेले धडे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप.

आठवडाभर मी पुण्यात कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी कोल्हापुरात आईच्या कांदा-लसूण मसाल्याच्या धंद्याचा बिनपगारी आयटी विभाग असतो. गेल्या वर्षी आम्ही पहिलं ब्रँडिंग फोटोशूट केलं. १२ हजार रुपये गेले, दीडशे फोटो आले आणि कामाला आले फक्त चार. फोटोग्राफरची काही चूक नव्हती. त्याने विचारलं होतं, "काय काय काढायचंय?" मी म्हणालो, "काढा की छान छान!" ऑफिसात क्लायंट असं बोलला तर मी कपाळावर हात मारून घेतो. इथे क्लायंट मीच होतो.

यंदा पुन्हा शूट केलं. अर्धाच दिवस, पण जवळपास सगळे फोटो वापरात आहेत. फरक पडला तो आधीच्या आठवड्यामुळे. त्या आठवड्यात काय केलं, ते सांगतो.

फोटो राहणार कुठे, ते आधी लिहा

गेल्या वेळी सगळे फोटो उभे होते. वेबसाइटच्या वरच्या पट्टीला आडवा फोटो लागतो. तिथे उभा फोटो बसवायला गेलो तर एक तर आईचं डोकं कापलं जायचं, नाहीतर बरणी. म्हणून यंदा एक साधा तक्ता केला: फोटो कशाचा, वापरणार कुठे, आडवा की उभा. इन्स्टाग्रामच्या पोस्टसाठी ४:५, म्हणजे १०८० बाय १३५० पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगसाठी चौकोनी. वेबसाइटसाठी आडवा, आणि त्यात एका बाजूला मजकुरासाठी मोकळी जागा. एकूण १८ फोटो ठरले. हा तक्ता फोटोग्राफरला चार दिवस आधी पाठवला.

यादी सुचत नसेल तर गिऱ्हाइकांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज उघडा. आम्हाला सारखे विचारले जाणारे प्रश्न तीन: पाव किलोची बरणी केवढी दिसते? तिखट किती? बनवतं कोण? मग बरणी हातात धरलेला फोटो, मिरच्यांचा फोटो आणि आईचा फोटो. प्रत्येक प्रश्नाला एक फोटो, झाली यादी.

माल तयार ठेवा

लेबल पक्कं झाल्याशिवाय शूट ठरवू नका. आम्ही पहिल्या शूटनंतर महिन्याभरात लेबल बदललं आणि बरणीचे सगळे फोटो बाद झाले. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर, वजन, घटक, सगळं नीट तपासून मगच छापा. शूटसाठी सहा नव्या बरण्या वेगळ्या काढा. लेबल सरळ चिकटवलेलं हवं आणि काचेवर बोटांचे ठसे नकोत. जवळ एक मऊ फडकं ठेवा.

क्रमही ठरवा. आधी स्वच्छ बरण्यांचे फोटो, मग माणसांचे, आणि मसाला सांडण्या-उधळण्याचे अगदी शेवटी. आम्ही उलटं केलं होतं. नंतर अर्धा तास बरण्या पुसत बसलो, आणि शिंका आल्या त्या वेगळ्याच.

उजेड आणि कपडे

पहिल्या फोटोंत आमचा लालभडक मसाला विटकरी दिसत होता. खिडकीतून दिवसाचा उजेड येत होता आणि डोक्यावर पिवळा दिवा चालू. दोन उजेडांचे रंग वेगळे असले की कॅमेऱ्याला एकाच फोटोत दोन्ही नीट सांभाळता येत नाहीत. यंदा दिवे बंद ठेवले, खिडकीशेजारी टेबल मांडलं आणि समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला, म्हणजे सावली सौम्य होते. आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी मोबाइलवर चाचणी फोटो काढून बघा. फुकटात डीबगिंग!

कपडे साधे, एकरंगी घ्या. बारीक चौकड्या आणि बारीक रेघा कॅमेऱ्यात कधी कधी लाटांसारख्या दिसतात.

बोलणी लेखी करा

एडिट केलेले फोटो किती, किती दिवसांत, कोणत्या आकारात, हे एका मेसेजमध्ये लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक सहसा काढून घेणारा असतो, पण वेगळा करार नसेल तरच. म्हणून सही करण्याआधी अटी वाचा. फायली ड्राइव्हवर मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आल्या तर दर्जा घसरतो.

आणि माणूस?

आई म्हणाली होती, "माझं तोंड बघून कोण मसाला घेणार हाय?" पहिल्या शूटला आम्ही तिला पैठणी नेसवून, हातात बरणी देऊन उभं केलं. ती इतकी अवघडली, की आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांनी विचारलं, "ही मॉडेल कोण?"

यंदा तिला विचारलं, "आई, तुला कुठं बरं वाटंल?" ती म्हणाली, "मिरच्या निवडताना." मग रोजच्या सुती साडीत, पाटावर बसून ती ब्याडगीची देठं काढत राहिली. सोबतच्या दोन मावश्यांनाही आधीच विचारलं. एकीने चेहरा नको म्हटलं, म्हणून तिचे फक्त हात घेतले. पहिली दहा मिनिटं कॅमेरा बाजूलाच होता. नंतर गप्पांच्या नादात आई हसली आणि फोटो निघाला.

आता तोच वेबसाइटवर आहे. परवा तिने हळूच स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीलाही लावला. मला काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

तुमचं शूट ठरलं असेल तर आज फक्त तो तक्ता करा. बाकीचं त्यातून सुचत जाईल. भेटू पुढच्या भागात!