बोगोटाचा उमेदवार आणि दुकानापुढील पदपथ

नगरनिगमाची निवडणूक जवळ आली म्हणजे आपल्या बाजारपेठेत उमेदवारांची वर्दळ सुरू होते. कोणी पेढीवर येतो, गादीवर क्षणभर टेकतो, चहा घेतो आणि रस्ता रुंद करण्याचे व मोटारी उभ्या करण्यास जागा देण्याचे आश्वासन देऊन उठतो. आपणही संतुष्ट होतो. परंतु उद्या एखाद्याने येऊन असे सांगितले की, "शेठजी, मी आपल्या दुकानापुढील मोटारी हटवीन, तेथे पायी चालणाऱ्यांसाठी पदपथ करीन, सायकलींसाठी निराळी वाट काढीन आणि शहराचा पैसा बसगाड्यांवर खर्च करीन," तर आपल्यापैकी किती जण त्यास मत देतील? दुसरा चहासुद्धा कोणी विचारणार नाही!

अशा एका उमेदवाराची हकीकत आपल्या व्यापारी बंधूंपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा हे समुद्रसपाटीपासून सुमारे 2,600 मीटर उंचीवर वसलेले महानगर. तेथील एन्रिके पेन्यालोसा हा गृहस्थ 1994 साली महापौरपदासाठी उभा राहिला आणि हरला. 1997 साली तो पुन्हा उभा राहिला, निवडून आला आणि 1 जानेवारी 1998 पासून तीन वर्षे त्याने कारभार पाहिला. लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहण्याची तेथे मुभा नव्हती. म्हणजे जे करावयाचे ते एक हजार शहाण्णव दिवसांत!

त्या वेळी बोगोटाचे पदपथ हे मोटारींचे तळ बनले होते. पेन्यालोसाने ते मोकळे करविले आणि मोटारी पुन्हा चढू नयेत म्हणून कडेला आखूड खांब रोविले. व्यापारी वर्गात एकच गहजब उडाला. मोटार दाराशी उभी राहिली नाही तर गिऱ्हाईक येणार कसे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. महापौरास पदावरून परत बोलाविण्यासाठी सह्यांची मोहीमही निघाली. ती तडीस गेली नाही.

या प्रश्नाचा विचार भावनेने न करता वहीखात्याच्या रीतीने करावा. एक मोटार उभी करण्यास साधारणतः बारा चौरस मीटर जागा लागते. तेवढ्यात आठ-दहा सायकली सहज मावतात. त्या बारा मीटरांचे आपल्या बाजारातील गाळ्याच्या दराने भाडे काढून पाहावे, म्हणजे दुपारभर फुकट उभ्या असलेल्या वाहनाने सार्वजनिक जागेचा किती ऐवज अडविला हे कळेल. शिवाय ते वाहन गिऱ्हाइकाचे असतेच असे नाही. खरे सांगावयाचे तर पुष्कळदा ते मालकाचे किंवा मुनिमाचे असते. इंदूरचा सराफा याची साक्ष आहे. दिवसा जेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो, तेथेच रात्री खाद्यपदार्थांची दुकाने लागतात आणि मुंगीला वाट मिळू नये अशी गर्दी लोटते. ती सारी पायी चालणारी असते.

पेन्यालोसाचे दुसरे काम बसगाड्यांचे. पूर्वी तेथे बस एका मालकाची, मार्गाचा परवाना दुसऱ्या कंपनीचा, आणि चालकास मोबदला उतारूंच्या डोक्यामागे. परिणामी एकाच रस्त्यावर दोन चालक एका उतारूसाठी जीव खाऊन शर्यत करीत. लोक त्यास 'पैशाची लढाई' म्हणत. आडत दरनगावर ठरली की आडत्या कसा वागतो, हे आपणांस सांगावयास नको. नव्या 'ट्रान्समिलेनियो' योजनेत रस्त्याच्या मध्यभागी बससाठी राखीव मार्ग, बसच्या जमिनीइतक्या उंचीचे फलाट, चढण्यापूर्वीच तिकीट, आणि सुमारे 160 उतारू नेणाऱ्या जोडबसगाड्या होत्या. पण खरी गोम हिशेबात होती. ठेकेदारास मोबदला मिळू लागला तो मुख्यतः धावलेल्या किलोमीटरांवर. उतारूसाठी झोंबण्याचे कारणच उरले नाही. 18 डिसेंबर 2000 रोजी पहिली बस धावली, तेव्हा महापौराची कारकीर्द संपण्यास तेरा दिवस उरले होते.

सायकलींची गोष्ट त्याहून जुनी. रविवारी व सुटीच्या दिवशी मुख्य रस्ते मोटारींना बंद करून सायकलस्वारांस देण्याचा प्रघात बोगोटात 1974 पासून आहे. पेन्यालोसाने रोजच्या कामावर जाणाऱ्यांसाठी शेकडो किलोमीटरांच्या स्वतंत्र सायकलवाटांचे काम हाती घेतले. 24 फेब्रुवारी 2000 या गुरुवारी साऱ्या शहरात खासगी मोटारी बंद ठेविल्या, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात झालेल्या सार्वमतात नागरिकांनी असा दिवस दरवर्षी पाळण्यास बहुमताने संमती दिली.

तो पुढे अजिंक्य ठरला असे मात्र नव्हे. 2007 व 2011 साली तो हरला, 2015 साली पुन्हा निवडून आला. ट्रान्समिलेनियोमध्ये गर्दी इतकी वाढली की लोक त्रासले, आणि आगगाडीऐवजी बसवर त्याने दिलेला भर अनेकांना अखेरपर्यंत पटला नाही. माझ्या मते ती टीका सर्वस्वी निराधार नाही.

इंदूरने हाच मार्ग काही काळ चोखाळला. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक असा सुमारे साडेअकरा किलोमीटरांचा राखीव बसमार्ग मे 2013 मध्ये सुरू झाला. फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने तो काढून टाकण्यास परवानगी दिली, आणि लवकरच लोखंडी कठडे उखडण्यास आरंभ झाला. मोटारवाल्यांस हायसे वाटले. बसमधून कारखान्यात, महाविद्यालयात आणि आपल्याच दुकानांत कामास येणाऱ्यांचे मत त्या आनंदात फारसे कानी आले नाही.

आपल्या समाजापुरती आणखी एक गोष्ट. आपले साधू-साध्वी आजन्म वाहनात बसत नाहीत. चार हात पुढची भूमी निरखीत, जीवजंतू वाचवीत ते विहार करतात. ईर्यासमिती म्हणतात ती हीच. आणि अशा पायी विहारात भरधाव वाहनाच्या धडकेने साधू-साध्वींचा मृत्यू झाल्याच्या वार्ता आपण वारंवार वाचतो, श्रद्धांजलीची सभा भरवितो आणि घरी मोटारीने परततो. पायी चालणाऱ्यास गुरू मानणाऱ्या समाजाने पदपथाची मागणी दुसऱ्या कोणी करावी म्हणून वाट का पाहावी?

इंदूर नगरनिगमाची मागील निवडणूक जुलै 2022 मध्ये झाली. पुढील खेपेस उमेदवार पेढीवर येतील, तेव्हा चहा येईपर्यंत त्यांना तीन गोष्टी विचारता येतील. आमच्या दुकानापुढचा पदपथ किती रुंद करणार, बसच्या चालकास मोबदला डोक्यावर देणार की किलोमीटरवर, आणि आमची स्वतःची मोटार कोठे उभी करण्यास सांगणार? तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळणार नाही, त्यास दुसरा चहा अवश्य विचारावा.