छाती धडधडली की मरणच का आठवते?

जिना चढताना छाती धडधडते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आपण क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. मात्र 'पॅनिक डिसऑर्डर' म्हणजे तीव्र घबराटीचा आजार जडलेल्या माणसाला त्याच धडधडीत मरण दिसते. घाम फुटतो, श्वास कोंडतो, हातापायांना मुंग्या येतात. घरातले कोणी म्हणते, 'ढोंग करतो', तर कोणी अंगारा आणते. दोन्ही चूक आहे, असे आम्हांला स्पष्ट सांगावेसे वाटते.

ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली या आजाराचा उलगडा मांडला. शरीरातील साध्या बदलाचा अर्थ मन 'संकट' असा लावते. त्यामुळे भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि वाढलेली धडधड हाच संकटाचा पुरावा वाटू लागतो. हे चक्र काही मिनिटांतच शिगेला पोहोचते.

अशा माणसाचे लक्ष धोक्याकडे ओढले जाते, हे प्रयोगांतही दिसले आहे. रंगीत शाईतले शब्द दाखवायचे आणि शब्द न वाचता फक्त रंग सांगायचा, अशी ती चाचणी. 'मृत्यू', 'गुदमरणे' असे शब्द आले की या रुग्णांना रंग सांगायला जास्त वेळ लागतो. नको म्हटले तरी मन तिथेच अडकते. मग 'तू विचारच करू नकोस' हा आपला उपदेश काय कामाचा?

पुढे तो माणूस गर्दी, बाजार, प्रवास टाळू लागतो. कामावर खाडे होतात, पगार कापला जातो. टाळले म्हणून वाचलो, असे त्याला वाटते. गेलो असतो तरी काही झाले नसते, हे कळण्याची संधीच मनाला मिळत नाही.

छातीत दुखले किंवा अचानक धडधडू लागले, तर प्रथम दवाखाना गाठून ईसीजी काढलाच पाहिजे. तिथे अंदाज नको. हृदय ठीक निघाले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. यावर औषधे आहेत. मनाने लावलेला अर्थ तपासायला शिकवणारी उपचारपद्धतीही आहे. तिच्यात तज्ज्ञ रुग्णाला जागच्या जागी पळायला लावून मुद्दाम धडधड वाढवतात. धडधड वाढली, पण मरण आले नाही, हे रुग्ण स्वतः अनुभवतो. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

घरच्यांनी अशा वेळी जवळ बसावे. 'भीती खरी आहे, पण ती ओसरते,' एवढेच शांतपणे सांगावे. आणि दुसऱ्या दिवशी त्याला बाजारात एकटे न पाठवता, सोबत जावे.