गहाणवटीचं दुकान

लेकीकडे अमेरिकेला गेले होते, तेव्हाची गोष्ट. जावई म्हणाले, "आई, लास व्हेगासला जातोच आहोत, तर टीव्हीवरचं ते दुकान पाहूनच येऊ!"

ते दुकान म्हणजे ‘गोल्ड अँड सिल्व्हर पॉन शॉप’. चक्क गहाणवटीचं दुकान! माणसं अडीअडचणीला जिथं जातात, तिथं आम्ही हौसेनं निघालो होतो.

रिचर्ड हॅरिसन आणि त्यांचा मुलगा रिक यांनी हे दुकान १९८९ साली काढलं. २००९ साली ‘पॉन स्टार्स’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि दुकानाचं नशीबच पालटलं. पूर्वी दिवसाला सत्तर ते शंभर गिऱ्हाइकं यायची. २०१० च्या ऑक्टोबरात ती १,००० वर गेली. थोरले हॅरिसन २०१८ साली वारले. पण कार्यक्रमातली त्यांची कुरकुर आमच्या घरी अजून सर्वांना पाठ आहे. कुणी जुनी तलवार आणतो, कुणी नाणं. घासाघीस रंगते आणि आपण घरबसल्या हसतो.

दुकानात पाऊल ठेवलं. काचेच्या कपाटांत घड्याळं, अंगठ्या, नाणी. शिवाय मंडळींचे चेहरे छापलेले सदरे! पण रिकसाहेब कुठं दिसेनात. जावई चौकशी करून आले.

"आई, ते आता काउंटरवर उभे राहत नाहीत. गहाण ठेवणाऱ्याचं नाव गुप्त राखायचं, असा इथला कायदा आहे. हे असले की लोक फोटो काढत सुटतात. चित्रीकरण असलं तर दुकानच बंद ठेवतात."

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला एक बाई दिसली. गर्दीकडे पाठ करून ती बोटातली अंगठी काढत होती. अंगठी लवकर निघेना.

मला माझी आई आठवली. दादांची नोकरी गेली, त्या वर्षी दिवेलागणीनंतर ती मला घेऊन सावकाराकडे गेली होती. पाटल्या पदराआड. वाटेत शेजारच्या काकू भेटल्या, तर म्हणाली, "देवळात जाऊन येते." खोटं बोललेली आई मी तेवढी एकदाच पाहिली. पुढं पाटल्या सुटल्या, पण त्या रस्त्यानं ती पुन्हा कधी गेली नाही.

"आई, इथं उभ्या राहा, फोटो काढतो," जावई म्हणाले. त्या कोपऱ्यातली बाई नेमकी माझ्या मागं येत होती.

"नको हो," मी म्हटलं. "बाहेर पाटीखाली काढू या."