फाइल मोठी, वाट छोटी

सबमिशनचा आठवडा आला की कॉलेजच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो, 'अरे, टॅबमधून लॅपटॉपवर एवढी मोठी फाइल कशी घेऊ?' उत्तरंही ठरलेली. एक जण म्हणतो, 'स्वतःलाच मेल कर.' दुसरी सांगते, 'ड्राइव्हवर टाक ना.' तिसरा म्हणतो, 'मला व्हॉट्सॲप कर, मी परत पाठवतो.' तोवर रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात आणि पोर्टल बाराला बंद होणार असतं.

गंमत म्हणजे टॅब आणि लॅपटॉप एकाच टेबलावर असतात. मधलं अंतर जेमतेम दोन फूट. पण मेल, ड्राइव्ह किंवा व्हॉट्सॲप वापरलं की फाइल आधी कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून परत त्याच टेबलावर येते. दोन-चार एमबीची असाइनमेंट असेल तर काही बिघडत नाही. पण स्कॅन केलेलं १२० पानांचं जर्नल, आर्किटेक्चरच्या शीट्स, ब्लॅक बुकचे सगळे ड्राफ्ट किंवा अख्ख्या सेमिस्टरच्या हाताने लिहिलेल्या नोट्स असल्या, की हा वळसा महागात पडतो.

वळशाचा हिशोब

इंटरनेटचा स्पीड एमबीपीएसमध्ये सांगतात, म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. फाइल मात्र आपण मेगाबाइटमध्ये मोजतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे ५ एमबीपीएस अपलोड स्पीड म्हणजे सेकंदाला फक्त ०.६ एमबीच्या आसपास. १ जीबीची फाइल या वेगाने वर चढायला साधारण २७ मिनिटं लागतात. मग तीच लॅपटॉपवर डाउनलोड करायची. दोन्ही डिव्हाइस फोनच्या हॉटस्पॉटवर असतील तर १ जीबी वर गेला, १ जीबी खाली आला, म्हणजे २ जीबी डेटा खर्च. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर डाउनलोड अर्ध्यावर असतानाच 'तुमचा आजचा डेटा संपला' असा मेसेज येणार!

शिवाय प्रत्येक वाटेवर उंचीची कमान आहेच. जीमेलवर अटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी. त्याहून मोठी फाइल जोडली की जीमेल ती ड्राइव्हवर टाकून लिंक देतं. मेलमधून जाताना फाइलचं अक्षरांत रूपांतर होतं आणि तिचं वजन साधारण एक-तृतीयांशाने वाढतं. म्हणून मर्यादेच्या आतली वाटणारी फाइलही कधी कधी परत येते. गुगलची फुकट मिळणारी १५ जीबी जागा मेल, फोटो आणि ड्राइव्ह यांच्यात वाटलेली असते. ॲपलच्या आयक्लाउडवर तर ५ जीबीच फुकट. व्हॉट्सॲपवर २ जीबीपर्यंतची फाइल जाते, पण स्कॅन केलेली पानं 'फोटो' म्हणून पाठवली तर क्वालिटी घसरते आणि बारीक अक्षरं पुसट होतात. पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

साधी केबल, साधा उपाय

सगळ्यात जवळची वाट म्हणजे चार्जिंगची केबल. अँड्रॉइड टॅब विंडोज लॅपटॉपला जोडला की बहुतेक वेळा नुसतं चार्जिंग सुरू होतं आणि आपण समजतो, केबल चालत नाही. टॅबच्या नोटिफिकेशनमध्ये 'चार्जिंग व्हाया यूएसबी' असं दिसेल, त्यावर टॅप करून 'फाइल ट्रान्सफर' निवडा. टॅब अनलॉक असू द्या. मग लॅपटॉपवर 'धिस पीसी'मध्ये तो दिसायला लागतो. तरीही दिसत नसेल तर केबल बदलून बघा. काही स्वस्त केबल्समध्ये डेटाच्या तारा नसतातच, त्या फक्त चार्जिंगपुरत्या असतात.

सेकंदाला अगदी २० एमबी स्पीड मिळाला तरी १ जीबीची फाइल मिनिटाच्या आत येते. तेही एक पैशाचा डेटा न जाळता. टाइप-सी पोर्ट दिसला म्हणजे वेग भन्नाटच मिळेल, असं मात्र समजू नका. तो आकार आहे, स्पीड नव्हे. २०२२च्या दहाव्या पिढीच्या आयपॅडला टाइप-सी आलं, पण आतला वेग जुन्या यूएसबी २.०चाच होता. सबमिशनपुरता तोही पुष्कळ.

केबल नसेल तर?

२०२०पर्यंत याचं उत्तर सोपं होतं. 'शेअरइट आहे का?' किंवा 'झेंडर कर'. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात ही दोन्ही होती आणि पानं स्कॅन करायला सगळे वापरायचे ते कॅमस्कॅनरही होतं. नंतर बऱ्याच जणांनी पर्याय शोधलाच नाही आणि सगळ्यांची गाडी व्हॉट्सॲपवर येऊन थांबली.

पर्याय आहेत. अँड्रॉइड आणि विंडोज असेल तर 'क्विक शेअर'. गुगलचं 'निअरबाय शेअर' आणि सॅमसंगचं 'क्विक शेअर' २०२४मध्ये एकत्र झाले, आणि त्याचं विंडोजसाठी वेगळं ॲप मिळतं. आयपॅड आणि मॅक असेल तर 'एअरड्रॉप'. आणि आयपॅड-विंडोज किंवा अँड्रॉइड-मॅक अशी मिश्र जोडी असेल तर 'लोकलसेंड' हे मोफत, ओपन सोर्स ॲप दोन्हीकडे टाका.

लोकलसेंडसाठी दोन्ही डिव्हाइस एकाच वायफायवर हवीत. फाइल त्या वायफायपुरतीच फिरते, बाहेर इंटरनेटवर जात नाही. म्हणून फोनच्या हॉटस्पॉटवरही मोबाइल डेटा खर्च होत नाही. हॉस्टेल किंवा कॉलेजच्या वायफायवर मात्र अनेकदा डिव्हाइस एकमेकांना दिसत नाहीत, कारण सुरक्षेसाठी तसं सेटिंग केलेलं असतं. अशा वेळी ॲपला शिव्या न घालता सरळ हॉटस्पॉट लावा. विंडोजमध्ये ते नेटवर्क 'पब्लिक' ऐवजी 'प्रायव्हेट' आहे ना, तेही बघा.

पेनड्राइव्हची मेख

ओटीजीवाला पेनड्राइव्हही उत्तम. आयपॅडचं 'फाइल्स' ॲपही २०१९पासून पेनड्राइव्ह वाचतं. फक्त एक मेख लक्षात ठेवा. बरेचसे पेनड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. ३२ जीबीच्या ड्राइव्हमध्ये २५ जीबी मोकळे असले तरी 'फाइल टू लार्ज' येतं ते यामुळेच. 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट केलं की प्रश्न सुटतो. अर्थात फॉरमॅटने आतलं सगळं पुसलं जातं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

नेताय काय, तेही बघा

टॅबवरच्या नोट्स ॲपची फाइल लॅपटॉपवर उघडेलच असं नाही. प्रत्येक ॲपचा स्वतःचा फॉरमॅट असतो. म्हणून दोन प्रती काढा, एक वाचायला आणि प्रिंटला पीडीएफ, दुसरी ॲपच्या मूळ फॉरमॅटमध्ये. नुसती पीडीएफ ठेवलीत तर सरांनी सुचवलेलं करेक्शन नीट करता येत नाही. नुसती मूळ फाइल ठेवलीत तर टॅब बिघडला त्या दिवशी नोट्स समोर असून वाचता येत नाहीत.

आणि फाइल एवढी मोठी असायलाच हवी का? ए-४ पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं की त्यात सुमारे ८७ लाख पिक्सेल असतात. पेनाने लिहिलेल्या जर्नलला २०० डीपीआय आणि ग्रेस्केल बहुतेक वेळा पुरतं. रंगीत आकृत्यांची पानं तेवढी रंगात ठेवा. फाइल निम्म्याहून हलकी होते.

पोहोचली म्हणजे पोहोचलीच?

कॉपी पूर्ण झाल्याचं दिसलं की टॅबवरची फाइल उडवायची घाई करू नका. लॅपटॉपवर ती उघडा आणि थेट शेवटच्या पानावर जा, मधलीही दोन-चार पानं बघा. साइझ ताडून पाहताना घाबरू नका. बरेच टॅब १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. त्यामुळे टॅबवरची १ जीबीची फाइल विंडोजमध्ये ९५३ एमबी दिसते. फाइल तुटलेली नसते, फक्त मापं वेगळी. बाइटचा पूर्ण आकडा मिळाला तर तोच जुळवा.

आता झेरॉक्सच्या दुकानाचं. तिथल्या कॉम्प्युटरला टॅब केबलने जोडून 'फाइल ट्रान्सफर' दिलं की तुमची एकच फाइल नाही, टॅबमधले फोटो, आधार कार्डाचं स्कॅन, सगळंच समोर येतं. त्यापेक्षा रिकाम्या पेनड्राइव्हवर फक्त प्रिंटची पीडीएफ न्या. तिथे व्हॉट्सॲप वेब उघडलंच असेल तर निघताना फोनवर 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन लॉगआउट करा आणि डाउनलोड झालेली फाइल दुकानदादांसमोर डिलीट करा. ते रागावत नाहीत, त्यांना रोजची सवय असते.

हे सगळं सबमिशनच्या रात्री शिकायचं नसतं. आज एखादी शंभर एमबीची फाइल घ्या, केबलने एकदा आणि वायफायने एकदा पाठवून बघा. तुमच्या जोडीला कुठली वाट चालते ते पाच मिनिटांत कळेल. आणि टॅबवरची मूळ प्रत? व्हायवा होऊन मार्क लागेपर्यंत तिला हात लावू नका.