दप्तरातला जिल्हा

धाराशिवच्या कुठल्याही शाळेच्या मैदानात एक सरळ काठी रोवा आणि घड्याळात बरोबर बारा वाजता तिची सावली पाहा. सूर्य माथ्यावर आला असेल असं वाटतं, पण सावली अजून पश्चिमेकडे कललेलीच असते. काठी चुकत नाही आणि घड्याळही चुकत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळची. धाराशिव मात्र साधारण ७६ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. साडेसहा अंशांचा फरक म्हणजे सुमारे २६ मिनिटं! हा हिशेब आठवीच्या भूगोलातल्या ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’ या धड्याचा. वर्षभरात हा आकडा मागेपुढे होतो. दिवाळीच्या सुमारास तो दहा मिनिटांच्या आसपास येतो, तर फेब्रुवारीत चाळिसाच्या घरात जातो.

सहावी ते आठवीच्या मुलांच्या दप्तरात मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, सामान्य विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल असतो. शिवाय कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाचे तास. पुस्तकं पुण्याच्या बालभारतीची. १९६७ साली स्थापन झालेल्या या मंडळाचं पुस्तक मुंबईच्या मुलाला जे, तेच परंड्याच्या मुलीला. फरक एवढाच की धाराशिव जिल्ह्यात यातल्या बऱ्याच धड्यांचा पुरावा एसटीच्या एका तिकिटावर पाहायला मिळतो.

एक किल्ला, चार तास

नळदुर्ग घ्या. बोरी नदीवर बांध घालून किल्ला समोरच्या रणमंडळाशी जोडला आहे आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, साधारण १६१३ चं हे काम. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी धो धो कोसळतं, आणि आत उभा असलेला माणूस ते कोरड्या अंगानं बघतो.

सातवीचा इतिहास आदिलशाही सांगतो. सहावीचा भूगोल खडकांचे प्रकार शिकवतो. इथल्या भिंतींचा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला. आठवीच्या विज्ञानात ‘बल व दाब’ आहे: खोली वाढते तसा पाण्याचा दाब वाढतो, दहा मीटर खाली गेलं की जवळजवळ एका वातावरणाइतका. धरणाची भिंत पायथ्याशी रुंद का ठेवतात, याचं उत्तर याच एका वाक्यात आहे.

चौथा तास पुन्हा इतिहासाचा, आठवीचा. हैदराबाद संस्थानाविरुद्धची पोलीस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली. सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेनं पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती घेतला आणि पुढची वाट मोकळी झाली. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. दरवर्षी त्या दिवशी शाळेत झेंडा फडकतो, तेव्हा मुलांना एवढंच सांगायचं: या लढाईची पहिली चकमक आपल्याच जिल्ह्यात झाली. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९८२ साली याच जिल्ह्यातून लातूर वेगळा निघाला आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. नकाशे का बदलतात, हे शिकायला परदेशाची उदाहरणं लागत नाहीत.

तेरची बाहुली

प्राचीन भारताचा जगाशी व्यापार सहावीच्या मुलांना असतो. तेरणाकाठचं तेर म्हणजे त्या व्यापारातलं ‘तगर’. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासनोंदीत, ‘पेरिप्लस’मध्ये, त्याचं नाव येतं: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, तिथलं कापड गाड्यांनी भडोचच्या बंदरात जातं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तशीच मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईत सापडली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेली, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून गेली होती. पुराव्यावरून काळ कसा ठरवतात, हे मुलांना यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही. आणि तेर म्हटलं की गोरोबाकाका आलेच. सातवीच्या पुस्तकातली संतपरंपरा या गावात घराघरांत नांदते.

शेकडा दोन

गणिताच्या पुस्तकात व्याजाचा दर ‘द.सा.द.शे.’ असा येतो, दर साल दर शेकडा. गावात मात्र उसनवारीचा दर ‘शेकडा दोन’ असा सांगतात आणि तो महिन्याचा असतो. दहा हजारांवर महिना दोनशे, म्हणजे वर्षाला चोवीसशे. पुस्तकी भाषेत द.सा.द.शे. २४! दोन वर्षांत सरळव्याजानं देणं १४,८०० होतं. आठवीतलं चक्रवाढ व्याज वर्षाच्या हिशेबानं लावलं तर १५,३७६. हा फरक ज्या पोरीला कळला, तिला बापाच्या वहीतलं देणंही वाचता येईल.

घनफळाचा धडाही असाच घरी नेता येतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. साठ चौरस मीटरच्या स्लॅबवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला असं धरलं, तर ४२,००० लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर भरून उरतील एवढं पाणी पन्हाळीतून वाहून जातं. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा गुणाकार फळ्यावरच पुसून टाकायचा नसतो.

परीक्षांचंही बोलायला हवं. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. ती मिळालेल्या, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात त्यावर शाळा टिकते. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पुस्तकंही टप्प्याटप्प्यानं बदलत आहेत. धड्यांची नावं बदलतील. बोरी, तेरणा आणि बालाघाटाचे डोंगर जागचे हलणार नाहीत.

माळवदाखालचा धडा

आठवीच्या भूगोलात ‘पृथ्वीचे अंतरंग’ आहे. भूकंपाच्या प्राथमिक लहरी घन आणि द्रव दोन्हींतून जातात, दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. त्यावरूनच पृथ्वीचा बाह्य गाभा द्रवरूप असल्याचं शास्त्रज्ञांनी ओळखलं. त्याच वर्षी विज्ञानात ‘आपत्ती व्यवस्थापन’. लोहारा-उमरग्याकडच्या मुलांसाठी हे दोन धडे म्हणजे घरचीच गोष्ट.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं झाली होती. किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात जमीन हादरली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. दख्खनचं पठार स्थिर समजलं जायचं. भूकंप उथळ होता, पण माणसं मेली ती घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर त्या पहाटे कोसळलं. जड छप्पर, सुटे दगड, त्यांना बांधून ठेवणारं काहीच नाही: बल आणि वस्तुमानाचा धडा इतक्या क्रूरपणे कुणी शिकू नये.

आज आठवीत असलेल्या मुलांचे आईबाप तेव्हा लहान होते. आजी-आजोबांना मात्र सगळं आठवतं. क्षेत्रभेटीच्या धड्यात प्रश्नावली तयार करायला सांगतात. दिवाळीच्या सुट्टीत ती नळदुर्गावर नेता येईल, तेरला नेता येईल. पण पहिली क्षेत्रभेट घराच्या ओसरीवर व्हावी. वही उघडायची, फराळाचं ताट बाजूला सारायचं आणि विचारायचं, “आज्जे, आपलं जुनं घर कसं होतं गं? भिंत किती जाड होती?”

आजी हात पसरून रुंदी दाखवेल. तेवढं माप वहीत उतरवून घ्यायचं.